उजवीकडचा दुसरा पत्ता

काय काम करतेस असं कोणी विचारलं, की मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" असं सांगून मोकळी होते. खरं सांगायचं तर गेली नऊ वर्षं मी हिंजवडीतल्या एका कंपनीचा मेल सर्व्हर सांभाळते. कोणाचा मेल कोणाकडे पोहोचतो आणि कोणाचा अडकतो, एवढंच बघायचं. मेल पोहोचत असतील तर ऑफिसात माझं नाव कोणाला ठाऊक नसतं, आणि अडकले की पाच मिनिटांत सगळ्यांना माझा मजला, टेबल आणि फोन नंबर सापडतो.

हे काम मला सरांनी शिकवलं. सर धायरीला राहायचे, कंपनीत सगळ्यात जुने, आणि बोलायला अस्सल पुणेरी. मी अमरावतीहून नवीन आलेली. पहिल्याच दिवशी मी काहीतरी विचारलं तर म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. उत्तर पान चारवर आहे, आणि ते पान मीच लिहिलंय." मी दुपारपर्यंत रडवेली झाले होते. संध्याकाळी तेच खुर्ची ओढून शेजारी बसले आणि पान चार ओळीओळीने समजावून सांगितलं. त्या दिवसापासून मी त्यांची झाले म्हणा. आमच्या विभागात दोघंच, ते आणि मी. वडील गेल्यावर ज्याला काही विचारावं असा माणूस मला पुण्यात मिळाला होता.

मेल वळवणं हा आमच्या कामाचा मोठा भाग. कोणी नोकरी सोडली, की त्याच्या पत्त्यावर येणारे गिऱ्हाइकांचे मेल त्याच्या साहेबाकडे वळवायचे. कोणी लांबच्या रजेवर गेलं, की तेवढ्यापुरते शेजारच्या टेबलाकडे. सर्व्हरवर त्यासाठी एक लांबलचक फाइल असते. एका ओळीत एक माणूस. डावीकडे त्याचा पत्ता, उजवीकडे मेल कुठे न्यायचा तो पत्ता. सरांनी मला यातल्या दोन गोष्टी घोटून घोटून शिकवल्या. माणूस अजून नोकरीत असेल तर उजवीकडे आधी त्याचा स्वतःचा पत्ता पुन्हा लिहायचा, मग स्वल्पविराम, मग दुसऱ्याचा. तो स्वतःचा पत्ता विसरलात तर सगळे मेल दुसरीकडे जातात आणि हा बिचारा रिकामी पेटी बघत बसतो. मी पहिल्या महिन्यात नेमकी ही चूक केली. विक्री विभागातल्या एका गृहस्थांना दोन दिवस एकही मेल आला नाही. तक्रार त्यांनी केलीच नाही, ते खुशीत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे टीप. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर एक टीप हवी: हे कोणी सांगितलं, कशासाठी, आणि ओळ कधी काढायची. "टिपेशिवाय ओळ दिसली," सर म्हणायचे, "तर समजायचं चोरी आहे." हे ते हसून म्हणत नसत. एकदा खुद्द मोठ्या मॅडमनी तोंडी सांगितलेलं फॉरवर्डिंग त्यांनी लेखी आल्याशिवाय टाकलं नाही. मी ते बघितलं होतं, आणि माझी छाती अभिमानाने फुलली होती, जणू मीच नाही म्हणाले.

आता आईबद्दल सांगते. आई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, अमरावतीला माझ्या भावाकडे राहते. घर दोन खोल्यांचं, फोनवर बोललेला शब्द न् शब्द पलीकडच्या खोलीत जातो. त्यामुळे फोनवर ती फक्त हवापाणी बोलते. मनातलं लिहायची ती मेलमध्ये. मी दिलेल्या टॅबवर एका बोटाने, मराठीत, चांगला परिच्छेद पाडून. आणि ते लिहायची माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. मी तिला दहादा सांगितलं, की माझा दुसरा खासगी पत्ता आहे, तो वापर. तर म्हणाली, "तो तर कोणालाही भेटते. याच्यात तुझं नाव पुढे आहे नं, अन् मागे कंपनीचं." विहारातल्या बायकांना ती हा पत्ता वाचून दाखवायची. मग मीही सोडून दिलं.

तिच्या मेलमध्ये काय नसायचं! सून बोलत नाही, भाऊ बोलतो पण बायको घरात नसताना. रात्री पाय दुखतात, कोणाला सांगत नाही. पण प्रत्येक मेलच्या शेवटी एक गोष्ट ठरलेली. तिला त्या घरातून निघायचं होतं. पुण्याला यायला तयार नव्हती, इथे ओळखीचं कुत्रं नाही म्हणे. नागपूर चालणार होतं, तिथे मावशी आहे. "तुझ्या नोकरीचे नागपूरला होते का बघ. मग आपण दोघी राहू. मला एक खोली पुरे." भावाच्या कानावर पडलं तर तो तिला त्या घरात राहणं अवघड करून ठेवेल, म्हणून हे वाक्य तिने फोनवर कधी उच्चारलं नाही. ते फक्त मेलमध्ये होतं. मी ते सकाळी कंपनीच्या बसमध्ये वाचायची. विश्रांतवाडीहून हिंजवडी म्हणजे दीड तास, आणि वाकडच्या पुलाजवळ बस अडकली की पावणेदोन. कधीकधी ओढणी तोंडावर घ्यावी लागायची. शेजारची मुलगी समजायची मी झोपले.

सरांना मी मनकवडे म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे. एकदा भावाने आईशी फार कडाक्याचं भांडण केलं. मी ऑफिसात कोणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. दुपारी सर म्हणाले, "शुक्रवारी सुट्टी घे आणि घरी जाऊन ये. चेहरा बघवत नाही." मी चेहऱ्यावरचं त्यांना वाचता येतं म्हणून भारावून गेले. एकदा आईने एका स्थळाची माहिती पाठवली होती. त्याच आठवड्यात चहा पिताना सर सहज म्हणाले, "लग्नाबिग्नाची घाई करू नकोस हं. लोक मागे लागतात." आईच्या रक्तदाबाची गोळी बदलली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "आई बऱ्या आहेत ना?" एवढंच. पण ते नेमक्या त्या दिवशी. मी आईला लिहिलं होतं, सर देवमाणूस आहेत.

मग कंपनीने नागपूरला एक छोटं ऑफिस काढायचं ठरवलं. सर्व्हर सांभाळायला एक माणूस लागणार होता. मला हे कळलं त्या संध्याकाळी मी आईला मेल लिहिला. सरांना एवढ्यात सांगणार नाही, आधी मोठ्या मॅडमना विचारते, सरांना वाईट वाटेल म्हणून हिंमत होत नाही, असं सगळं लिहिलं. आईचं उत्तर सकाळी आलं. ती नेहमी माझ्याच मेलला उत्तर द्यायची, त्यामुळे तिच्या मजकुराखाली माझं पत्र जसंच्या तसं चिकटलेलं असायचं. तिने लिहिलं होतं, मावशीला खोली बघायला सांगते.

धीर गोळा करून मॅडमकडे जायला मला पाच आठवडे लागले. मॅडम म्हणाल्या, "अगं, तुझे सर महिन्याभरापूर्वीच येऊन बोलून गेले. तू विचारशील म्हणाले. पण तुझ्याशिवाय इथलं चालणार नाही, असं त्यांनी अगदी ठासून सांगितलं. ती जागा आम्ही दुसऱ्याला दिली."

मी बाहेर आले तेव्हा मला वाईट वाटत होतं आणि, आता सांगायची लाज वाटते, थोडं बरंही वाटत होतं. माझ्याशिवाय चालणार नाही! त्या दिवशी सरांनीच मला खाली टपरीवर नेऊन चहा पाजला आणि म्हणाले, "तुझं भविष्य इथे आहे." मी मान हलवली. त्यांना हे आधी कसं कळलं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. मनकवड्या माणसाला काय विचारायचं? आईला कळवलं. तिने एका ओळीत उत्तर दिलं: "ठीक आहे, पुढच्या वेळी पाहू."

यानंतर तीन-चार महिन्यांनी सर कुटुंबासोबत आठ दिवस केरळला गेले. सोमवारी सकाळी मी बसमध्ये आईचा मेल वाचत होते, तेवढ्यात तिचाच फोन आला. सकाळी ती कधी फोन करत नाही.

"माझा मेल वापस आला गं," आई म्हणाली. "इंग्रजीत मोठं लांबलचक लिहून आलं. पेटी भरली म्हणते. तुझी पेटी भरली का?"

"नाही. तुझा मेल मला मिळाला, तोच वाचतेय."

"मग वापस काऊन आला?"

"त्यात कोणाचा पत्ता आहे, तो वाच बरं."

आईने शाळेत शुद्धलेखन घालावं तशी एकेक अक्षर सुटं करून वाचायला सुरुवात केली. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्या अक्षराला मला पुढचा सगळा पत्ता कळला. तो पत्ता मी नऊ वर्षं दिवसातून वीस वेळा टाइप करत होते.

"कोण आहे हा?" आईने विचारलं.

"काही नाही. सर्व्हरचं काहीतरी झालं असेल. मी बघते. तू चार दिवस मेल करू नकोस," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

माझ्या धंद्यात याचा अर्थ एकच होतो. मेल एकाच वेळी दोन ठिकाणी जात असेल आणि त्यातली एक पेटी भरलेली असेल, तर सर्व्हर पाठवणाऱ्याला कळवतो, की अमुक पत्त्यावर पोहोचवता आलं नाही. पत्ता लपवायचा असतो हे त्याला कळत नाही. दर तीन महिन्यांनी सगळ्या कंपनीला "आपापल्या पेट्या साफ करा" म्हणून खवचट मेल पाठवणाऱ्या माणसाची स्वतःची पेटी केरळात असताना भरली होती.

ऑफिसात पोहोचून मी ती फाइल उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यात स्वतःचं नाव शोधलं. आम्ही नवीन ओळी वर घालायचो, त्यामुळे तळाशी वर्षानुवर्षं कोणी जात नसे. अगदी तळाशी ती ओळ होती. डावीकडे माझा पत्ता. उजवीकडे आधी माझा पत्ता, स्वल्पविराम, मग सरांचा. माझा पत्ता त्यांनी शिकवल्याप्रमाणे बरोबर आधी लिहिला होता, म्हणून माझा एकही मेल कधी चुकला नाही आणि मला काही कळलं नाही. ओळीच्या डोक्यावर टीप नव्हती. सगळ्या फाइलमध्ये टीप नसलेली तेवढी एकच ओळ.

मी जुने बॅकअप काढून बघितले. ओळ दोन वर्षांपूर्वी घातलेली होती, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी दहा दिवस अमरावतीला होते त्या आठवड्यात. हे बघून मला केवढं हायसं वाटलं! म्हणजे मी रजेवर असताना गिऱ्हाइकांचे मेल चुकू नयेत म्हणून घातली आणि काढायची राहिली. माणूस विसरतो. मी अर्धा तास हेच स्वतःला सांगत होते. सरांवर संशय घेतला म्हणून मला अपराधीसुद्धा वाटलं.

मग त्यांची पेटी का भरली ते बघायचं होतं, ते माझं रोजचंच काम आहे. मेल न उघडता कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली आहे, तेवढी यादी निघते. यादीत 'गिऱ्हाईक', 'बिलं', 'रजा' अशी नावं होती. आणि मध्येच एक फोल्डर होता, 'अमरावती'. आत दोनशेच्या वर मेल. एकही न वाचलेला नव्हता.

मी तो उघडला नाही. त्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. मी स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं, पुन्हा येऊन बसले आणि ती शुक्रवारची सुट्टी, ते स्थळ, ती रक्तदाबाची गोळी, एकेक तारीख आईच्या मेलच्या तारखेशी लावून बघितली. सगळं जुळलं. नागपूरसुद्धा. मनकवडे कसले, ते माझ्या आईचं पत्र वाचून माझ्याशी प्रेमाने वागत होते. राग आधी नागपूरचा यायला हवा होता, पण मला त्या शुक्रवारच्या सुट्टीचा आला. ती सुट्टी मी किती जणांना कौतुकाने सांगितली होती.

सर परतले त्या दिवशी मी त्यांच्या टेबलाशी उभी राहिले आणि त्या ओळीचा कागद समोर ठेवला. त्यांनी चष्मा वर करून तो वाचला.

"हां," ते म्हणाले. "तू रजेवर होतीस तेव्हाचं आहे. काढायचं राहून गेलं. बरं झालं, आठवण केलीस."

"टीप नाही घातलीत."

"घाईत असेन."

"आणि नागपूरचं मॅडमना माझ्याआधी जाऊन सांगितलंत, ते?"

त्यांनी कागदाची घडी करून तो बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुझं भलंच केलं. नागपूरच्या ऑफिसात चार खुर्च्या आणि एक प्रिंटर आहे. तिथे जाऊन काय प्रिंटरशी बोलणार होतीस?"

"आईशी बोलणार होते," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, दोन-तीन जणांनी वळून बघितलं. "आणि 'अमरावती' नावाचा फोल्डर कशासाठी केलात सर? तोही घाईत?"

आता ते उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता हा माणूस चुकलो म्हणेल. मला तेवढंच ऐकायचं होतं, मी माफ करायलासुद्धा तयार होते.

"तू माझी पेटी बघितलीस?" ते म्हणाले. "मला न विचारता?"

मी हसले. काय करणार! त्या माणसाला खरोखर दुखावल्यासारखं झालं होतं. पुढे पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि ऑफिसात मीच काहीतरी आगळीक केली असं वातावरण झालं. मी मनुष्यबळ विभागात गेले. तिथल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं, की ऑफिसच्या पत्त्यावरचा मेल हा कंपनीचा असतो, रुजू होताना मी तशी सही केलेली आहे. सही माझीच होती. सरांना तोंडी समज दिली म्हणे. पुढे ते वरच्या मजल्यावर गेले, मोठ्या हुद्द्यावर, आणि सर्व्हर पूर्णपणे माझ्याकडे आला. ती ओळ मी कधीच काढून टाकली होती.

राहिली आई. तिला फोनवर सांगणं शक्यच नव्हतं. मी शनिवारी अमरावतीला गेले आणि तिला गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. ती वाळत घातलेल्या मिरच्या हाताने पसरत होती.

"किती वाचले त्यांनी?" तिने विचारलं.

"सगळे."

"सुनेबद्दल लिहिलं होतं ते?"

"हो."

"पायाचं?"

"हो गं."

ती बराच वेळ मिरच्या पसरत राहिली. मग म्हणाली, "शुद्धलेखनाच्या चुका असतील बाप्पा. मी परत वाचून नव्हते पाहत." चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईला त्या क्षणी ती लाज वाटत होती. मला सरांच्या कानफटात मारावीशी वाटली.

मी तिला समजावलं. आता सर्व्हर माझ्याच हातात आहे. शिवाय आपण ऑफिसचा पत्ता वापरायचाच नाही, दुसरा पत्ता घेऊ, तो फक्त तुला आणि मला माहीत असेल. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तूही हेच काम करते नं? लोकांचे मेल इकडून तिकडे वळवते?"

"कंपनीच्या कामाचे असतात ते."

"असं तुला वाटते," आई म्हणाली. "त्यांच्या आया नसतील का लिहीत?"

सोडून गेलेल्या किती माणसांच्या ओळी मी टिपेसकट, नियमाने, घातल्या होत्या.

संध्याकाळी तिच्या टॅबवर नवीन पत्ता घालून दिला. दोघींनी एकेक मेल पाठवून बघितला. तिचा आला, "मिळाला का?" एवढाच. मी पुण्याला परतले.

नंतर तिचे मेल येत राहिले, पण ते वेगळेच होते. पाऊस झाला. भाजी महाग आहे. सर्व जण मजेत. मी वाट बघितली, वाटलं हळूहळू सैल होईल. शेवटी मीच लिहिलं: आता मध्ये कोणी नाही. कंपनीचं राहू दे, मी नागपूरला दुसरीकडे नोकरी बघते, एका ठिकाणी बोलणंही झालंय. तू फक्त हो म्हण, मी इथला राजीनामा टाकते.

चार दिवसांनी उत्तर आलं. शुद्धलेखनाची एकही चूक नसलेलं, शाळेच्या तपासणी अधिकाऱ्याला लिहावं तसं. "नागपूरचा विचार सोडून दे. सूनबाई माझी फार काळजी घेते. मी येथे सुखात आहे. तुझी प्रगती तेथेच आहे. कळावे."

मी लगेच फोन लावला. "आई, हे खरं आहे का?"

मागे टीव्ही चालू होता, वहिनीचा आवाज येत होता.

"मेलमध्ये लिहिलं नं," आई म्हणाली. "तेच."

राजीनामा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, तारीख न घातलेला. पुन्हा गच्चीवर नेलं तरी ती "मेलमध्ये लिहिलं नं" एवढंच म्हणेल. आईला नागपूरला यायचं आहे की नाही, हे मी तिला आता कुठे विचारू?